सोंग खोटें, भांडण खरें

रात्रीचे दहा वाजलेले असतात. जेवणें आटोपून घर निजण्याच्या बेतांत असतें. इतक्यांत शेजारच्या खोलींतून कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचा चढलेला आवाज ऐकूं येतो. कोणाला तरी तो 'चोर' म्हणत असतो, 'विश्वासघातकी' म्हणत असतो. वडील दार लोटून पाहतात, तों खोलींत दुसरें कोणी नाहीं. मुलाच्या कानांवर हेडफोन आहे, समोर संगणकाचा पडदा उजळलेला आहे, आणि त्या पडद्यावर चिलखत घातलेलीं पांच माणसें एका मेलेल्या राक्षसाभोंवतीं उभीं आहेत. चौकशी केल्यावर कळतें तें असें कीं, राक्षसाजवळ सांपडलेली तलवार भलत्यानेंच उचलली. ही तलवार कोणत्याहि लोहारानें घडविलेली नाहीं, ती हातांत धरतां येत नाहीं, संगणक बंद केला कीं ती दिसतहि नाहीं. असें असतां तिच्यापायीं निरनिराळ्या गांवचीं पांच माणसें एकमेकांना वाटेल तें बोलत असतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळींहि तो मुलगा गप्पच असतो.

अशा वेळीं वडीलधाऱ्या मंडळींचें निदान ठरलेलें असतें. रोज मारामारीचे खेळ खेळल्यावर मुलें भांडकुदळ होणार नाहींत तर काय! हें निदान सोपें आहे, परंतु पुरतें खरें नाहीं. या खेळांत राक्षस मारण्यावरून भांडणें क्वचितच होतात. तीं होतात वांटणीवरून, दिलेल्या शब्दावरून, मानापमानावरून आणि नियमांच्या अर्थावरून. म्हणजे ज्या कारणांनीं भाऊबंदांत, सहकारी संस्थांत आणि उत्सवांच्या मंडळांत होतात, त्याच कारणांनीं. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. रागाचेंहि बरेचसें तसेंच आहे. या खेळांत राजा खोटा, तलवार खोटी, मरणहि खोटें. पण सोंगाच्या आड बसलेल्या माणसाचा राग मात्र खरा असतो. तो कोठून येतो हें समजण्यास या खेळांची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

सोंग घेऊन खेळण्याच्या या प्रकाराचा आरंभ संगणकावर झाला नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. पांच-सहा जणांनीं मेजाभोंवतीं बसावें, एकानें वीर व्हावें, दुसऱ्यानें मांत्रिक व्हावें, एकानें कथेकऱ्याचें आणि पंचाचें काम करावें, आणि अडेल तेथें फांसे टाकून निकाल घ्यावा, असें त्याचें स्वरूप. त्यांतहि भांडणें होत. परंतु समोरच्याचा चेहरा दिसत असे, आणि खेळ संपल्यावर त्याच मित्राबरोबर घरीं जावयाचें असे. पुढें १९७८ सालीं इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें अनेकांना एकाच वेळीं शिरतां येईल असें एक काल्पनिक जग संगणकावर रचलें. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल यानें तें काम पुढें नेलें. त्या जगांत चित्रें नव्हतीं, केवळ शब्द होते. १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ निघाले, आणि शब्दांच्या जागीं डोंगर, नद्या, बाजारपेठा व किल्ले दिसूं लागले. २०१० सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे वर्गणीदार १ कोटी २० लाख झाल्याचें त्याच्या कंपनीनें जाहीर केलें होतें. एखाद्या मोठ्या शहराइतकी ही वस्ती होय. आणि वस्ती म्हटली कीं तंटा आलाच.

या खेळांत एकट्याला फारसें कांहीं साधत नाहीं, ही त्यांच्या रचनेंतील मुख्य गोष्ट. एकानें ढाल पुढें करून शत्रूचे घाव सोसावे, दुसऱ्यानें वैद्य होऊन त्याच्या जखमा भराव्या, बाकीच्यांनीं प्रहार करावा, अशी कामांची वांटणी असते. वैद्य क्षणभर चुकला कीं सर्वांचा नाश होतो. लहान मोहिमेस पांच जण लागतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या काळांतील मोठ्या मोहिमांना तर ४० जण लागत. लोकांनीं एकत्र यावें म्हणून कर्त्यांनीं हें परस्परावलंबन मुद्दाम योजलें, आणि त्यामुळें जिवलग मैत्र्या जुळल्या हेंहि खरें. परंतु ज्याच्यावांचून आपलें चालत नाहीं त्याच्याशींच माणूस अधिक भांडतो, हा संसाराचा अनुभव तेथेंहि आल्यावांचून राहिला नाहीं.

भांडणाचें पहिलें कारण, एकत्र आलेल्या माणसांचे हेतु एक नसतात. बार्टलनें १९९६ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत खेळाडूंचे चार वर्ग सांगितले आहेत. कांहींना पदव्या व संपत्ति मिळवावयाची असते. कांहींना त्या जगाचा कानाकोपरा शोधावयाचा असतो. कांहीं केवळ चार माणसांशीं बोलण्यास येतात. आणि कांहींना दुसऱ्यावर कुरघोडी करण्यांतच आनंद वाटतो. एकाच जत्रेला एक जण दर्शनास, दुसरा व्यापारास, तिसरा गांव पाहण्यास आणि चौथा कुस्तीच्या फडास जावा, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, जत्रेंतील मल्ल फडाबाहेर दर्शनाच्या रांगेंत कोणाला चीत करीत नाहीं.

'अल्टिमा ऑनलाइन'मध्यें नेमकें तेंच होऊं लागलें. रिचर्ड गॅरियट हा त्या खेळाचा जनक; खेळांतील राजाचें सोंगहि तोच घेत असे. १९९७ च्या ऑगस्टांत खेळाची चांचणी चालूं असतां हा राजा प्रजेला दर्शन देण्यास उभा राहिला, आणि गर्दींतल्या एका खेळाडूनें मंत्राचा अग्नि पेटवून त्याला ठार केलें. राजाला अवध्य करणारी योजना त्या वेळीं चालूं करावयाची राहून गेली होती. लोक हंसले, परंतु पुढें काय होणार याची ती सूचनाच होती. खेळ सुरू झाल्यावर गांवाच्या वेशीबाहेर पाऊल टाकणाऱ्या नवख्यांना दबा धरून बसलेले जुने खेळाडू मारूं लागले आणि लुबाडूं लागले. सज्जनांनींच दुर्जनांचें पारिपत्य करावें, अशी कर्त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. कारण दरोडेखोराला हानि थोडी व मौज पुष्कळ, आणि रखवालदाराला कष्ट पुष्कळ व मौज थोडी, असा तो व्यवहार होता. शेवटीं २००० सालीं त्या जगाची दुसरी प्रतिमा निर्माण करून तेथें संमतीवांचून एकमेकांस मारण्याची मनाई करण्यांत आली. बहुतेक वस्ती तिकडे गेली. जुन्या भूमींत लांडगे उरले, आणि मेंढरें नाहींत म्हणून तेच तक्रार करूं लागले.

दुसरें कारण वांटणीचें. ४० माणसांनीं आठवड्यामागून आठवडे संध्याकाळ मोडून एखाद्या महाराक्षसाला मारावें, आणि त्याच्याजवळ निघाव्या दोन-तीन वस्तू! त्या कोणाला द्यावयाच्या? ज्याला गरज आहे त्याला, कीं ज्यानें अधिक दिवस हजेरी लावली त्याला, कीं ज्याच्या हातीं ती वस्तु संघाला अधिक उपयोगी पडेल त्याला? गरज, श्रम आणि उपयुक्तता या तिन्ही कसोट्या न्याय्य आहेत, आणि तिन्ही एकमेकींच्या विरुद्ध जातात. मोठमोठ्या पंडितांना न सुटलेला हा प्रश्न रात्रीं बारा वाजतां, दमल्या मनानें, १८ वर्षांच्या नायकाला सोडवावा लागतो.

यावर खेळाडूंनीं काढलेले तोडगे पाहण्यासारखे आहेत. 'एव्हरक्वेस्ट'च्या काळांत हजेरीपटाची पद्धत निघाली. प्रत्येक मोहिमेस उपस्थित राहिल्याबद्दल गुण जमा व्हावयाचे आणि वस्तु घेतली कीं ते खर्ची पडावयाचे. अनोळखी मंडळींत मात्र एक ते शंभर आंकड्यांचा फांसा टाकण्याची चाल पडली. त्यांत खरी गरज असलेल्यांचा फांसा आधीं, आणि केवळ हौशी लोकांचा नंतर. येथेंच चोरीला वाव मिळे. गरज नसतां 'गरज आहे' असें खोटें सांगून वस्तु उचलावी आणि तत्काळ निघून जावें. वस्तु गेल्याचें दुःख थोडें. पण तीन तास खांद्याला खांदा लावून लढलेल्या माणसानें आपल्याला मूर्ख ठरविलें, हें दुःख मोठें. आरंभीं सांगितलेला मुलगा सकाळीं गप्प असतो तो याच कारणानें.

भांडणाचें मूळच नको म्हणून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीनें २०१८ सालीं प्रत्येकाचा वांटा यंत्राकडूनच परस्पर देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. चोरी थांबली. परंतु आपल्या सोबत्याला आपखुषीनें कांहीं देण्याचा संघाचा अधिकारहि तिनें आकुंचित केला, आणि पुष्कळांना तें रुचलें नाहीं. २०२२ सालीं मोठ्या मोहिमांपुरती सामाईक वांटणी पुन्हां आली. भांडणाची भीति पत्करूनहि माणसांना देण्याघेण्याचा अधिकार हवा असतो, हें यावरून दिसतें.

तिसरें कारण अधिक खोल आहे; तें म्हणजे नियम आणि मर्यादा यांतील अंतर. २००६ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणारी एक स्त्री प्रत्यक्षांत आजारानें वारली. ज्यांची तिच्याशीं खेळांत मैत्री जडली होती, त्यांनीं खेळांतील एका बर्फाळ प्रदेशांत, तळ्याच्या कांठीं, तिला शेवटचा निरोप देण्याचें ठरविलें. जागा व वेळ त्यांनीं उघडपणें जाहीर केली आणि त्या वेळीं कोणी हल्ला करूं नये अशी विनंतीहि केली. ठरल्या वेळीं मंडळी रांगेनें उभी राहिली. इतक्यांत विरुद्ध पक्षाच्या एका संघानें चाल करून त्या सर्वांची कत्तल उडविली, आणि तिचें चित्रण करून, त्याला संगीत जोडून, तें जगभर प्रसिद्ध केलें.

त्यावरून जो वाद पेटला तो आजहि पुरता विझलेला नाहीं. हल्ला करणाऱ्यांची बाजू अशी कीं, तो प्रदेश युद्धाचाच होता, तेथें शत्रूला मारण्यास कोठेंहि बंदी नव्हती, आणि खेळाला खेळच समजावें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मेलेलीं सोंगें क्षणांत उठून उभीं राहिलीं, परंतु जिच्यासाठीं तीं जमलीं होतीं ती कांहीं उठणार नव्हती. नियम पाहूं गेलें तर पहिला पक्ष बरोबर ठरतो. पण केवळ नियमावर न्याय उभा राहत नाहीं. भारतीय युद्धांत अश्वत्थाम्यानें रात्रीं निजलेल्या शिबिरावर घाला घातला, तेव्हां शत्रु शत्रूच होते आणि वैरहि संपलें नव्हतें; तरी त्या कृत्याला पराक्रम असें कोणी म्हटलें नाहीं. खेळाचे नियम यंत्र सांभाळतें. मर्यादा मात्र माणसांनींच सांभाळावी लागते.

मग ही मर्यादा सुटते केव्हां? येथें चौथें कारण येतें, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें दिसतें. पूर्वी हे खेळ निरनिराळ्या 'सर्व्हर'वर, म्हणजे कांहीं हजार वस्तीच्या स्वतंत्र जगांत चालत. असें प्रत्येक जग एखाद्या मोठ्या गांवासारखें असे. लूट घेऊन पळणाऱ्याचें नांव दोन दिवसांत सर्वतोमुखीं होई, आणि पुढें त्याला कोणी सोबतीस घेत नसे. शिक्षा करणारा कोणी नव्हता. पण अब्रू होती. २००९ च्या डिसेंबरांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें एक नवी सोय झाली. निरनिराळ्या सर्व्हरवरील पांच अनोळखी माणसें यंत्रच निवडून एकत्र आणूं लागलें. ज्यांना सोबत मिळविण्यासाठीं तासन्‌तास ताटकळावें लागे त्यांची मोठीच सोय झाली. परंतु गांव जाऊन त्याच्या जागीं आगगाडीचा डबा आला. डब्यांतील माणसाला पुन्हां आपली गांठ पडणार नाहीं हें ठाऊक असतें. म्हणून जागेवरून तो जसा हुज्जत घालतो, तसा आपल्या आळींत घालीत नाहीं. नवख्याचें पाऊल चुकलें कीं त्याला शिकविण्याऐवजीं मत घेऊन हांकलून देणें सोपें झालें. कोणाच्या प्रहारानें किती घाव बसला हें मोजणारीं साधनें होतींच. तीं मागें पडलेल्याचें प्रगतिपुस्तक चारचौघांत वाचून दाखविण्याच्या कामीं येऊं लागलीं.

जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें २००४ सालीं या वागणुकीची मीमांसा केली आहे. आपण कोण हें दुसऱ्यास ठाऊक नाहीं, आपण दिसत नाहीं, आपलें उत्तरदायित्व कोणी विचारीत नाहीं, अशा स्थितींत मनाचे बांध सैल होतात. सैल झालेल्या बांधांतून कधीं अनपेक्षित जिव्हाळा वाहतो, कधीं विष. या विषाचा उपद्रव स्त्रियांना विशेष होतो. आवाजावरून ओळख पटली कीं टवाळी सुरू होते, म्हणून पुष्कळ जणी या खेळांत मुक्यानेंच वावरतात.

तर मग सर्वांना खऱ्या नांवानें वावरावयास लावावें, हा उपाय सहज सुचतो. तो करून पाहिला गेला आहे. २०१० च्या जुलैंत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीनें आपल्या चर्चास्थानावर खेळाडूंचीं खरीं नांवें दाखविण्याचें जाहीर केलें. तेव्हां इतका गहजब झाला कीं, थोड्याच दिवसांत तो बेत सोडावा लागला. खरें नांव कळल्यास छळ घरापर्यंत येईल, ही भीति रास्त होती. दक्षिण कोरियानें २००७ सालीं मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पटविण्याचा कायदाच केला होता. तेथील घटना-न्यायालयानें २०१२ सालीं तो रद्द ठरविला. अब्रू सांभाळण्यास जन्मनांव लागतेंच असें नाहीं. घेतलेलें नांवहि पुरतें. मात्र तें टिकलें पाहिजे, आणि तें ओळखणारीं माणसें भोंवतीं असलीं पाहिजेत.

असा समाज घडविण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून झाले आहेत. १९८६ सालीं लुकासफिल्म कंपनीनें 'हॅबिटॅट' नांवाचें एक चित्रमय जग चांचणीसाठीं खुलें केलें. तेथें चोऱ्या व खून सुरू होतांच, प्रत्यक्षांत धर्मोपदेशक असलेल्या एका खेळाडूनें शस्त्र न बाळगण्याची व चोरी न करण्याची शपथ घेणारा एक पंथ स्थापिला. त्या जगांत खून हा गुन्हा मानावा कीं नाहीं यावर मतें घेतलीं, तीं जवळजवळ निम्मींनिम्म पडलीं. अखेर गांवांत शस्त्रबंदी आणि रानांत मोकळीक, अशी तडजोड निघाली.

अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत पाव्हेल कर्टिस यानें चालविलेल्या 'लॅम्डामू' या केवळ शब्दांच्या जगांत १९९३ सालीं याहून कठीण प्रसंग आला. एका इसमानें इतरांच्या सोंगांवर अत्यंत लज्जास्पद अत्याचार केल्याचें वर्णन चारचौघांच्या बैठकींत चालविलें. दुखावलेल्या स्त्रियांचे अश्रु खोटे नव्हते. रहिवाशांची सभा भरली, पुष्कळ वाद झाला. निर्णय मात्र झाला नाहीं. शेवटीं एका अधिकाऱ्यानें स्वतःच्या जबाबदारीवर त्या इसमाला काढून टाकलें. पुढें कर्टिसनें अर्ज व मतदान यांची पद्धत घालून दिली. काढलेला इसम मात्र लौकरच दुसऱ्या नांवानें परत आला. मोठी सत्ता असूनहि हद्दपारी पुरी पडत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

अलीकडे बक्षिसाचा मार्गहि चोखाळण्यांत येतो. 'फायनल फँटसी १४' या जपानी खेळांत मोहीम संपल्यावर प्रत्येकाला आपल्या एका सोबत्याच्या नांवें शाबासकी नोंदवितां येते. आणि घाव मोजणाऱ्या बाहेरच्या साधनांना बंदी असून त्यांच्या आधारें दुसऱ्याला हिणविल्यास शिक्षा होते. आइसलंडमधील एका कंपनीनें चालविलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्यें फसवणूकहि खेळाचाच भाग मानली जाते. तरी तेथें २००८ पासून खेळाडूंनीं निवडून दिलेलें एक मंडळ कंपनीला सल्ला देत आलें आहे. या सर्व उपायांत एकच सूत्र दिसतें. माणसाला माणसाची ओळख राहील, चांगुलपणाची नोंद होईल आणि तक्रार ऐकून घेणारा कोणी असेल, तेथें भांडणें होतात पण वैर माजत नाहीं.

तेव्हां रात्रीं दहा वाजतां दार लोटून पाहणाऱ्या वडिलांनीं काय करावें? संगणकाची वायर उपटल्यानें तलवारीचा तंटा मिटत नाहीं. तो मुलाच्या मनांत तसाच राहतो. आणि 'हें सगळें खोटें आहे' असें म्हणण्यानें तर त्याला एकटें पाडल्यासारखें होतें, कारण त्याचा अपमान खोटा नाहीं. किती राक्षस मारले याची चौकशी करण्यापेक्षां दोन प्रश्न विचारावे. पहिला, रोज त्याच मंडळींबरोबर खेळतोस कीं रोज नव्या? दुसरा, त्यांच्यापैकीं कोणी नवखा चुकला तर तुम्ही त्याला काय म्हणतां? पहिल्याच्या उत्तरावरून मुलगा गांवांत आहे कीं आगगाडीच्या डब्यांत, हें कळेल. दुसऱ्याच्या उत्तरावरून भांडणांत तो नुसता घाव सोसणारा आहे कीं घालणाराहि आहे, हें कळेल. आणि हें दुसरें कळून घेणें आईबापांना अधिक जड जात असलें, तरी अधिक जरूर आहे.

तलवार गेली तर दुसरी मिळेल. पण कानांवर हेडफोन चढविलेल्या, दूर कोठें तरी बसलेल्या दुसऱ्या एका घरच्या मुलालाहि सकाळीं चहा पितांना गप्प बसावें लागतें, एवढें ज्या मुलाच्या ध्यानांत आलें, त्याला सोंग खुशाल घेऊं द्यावें.